मावशीच्या खिडकीची फट

मावशीच्या खोलीची खिडकी नीट बंद करून टाकायची, हे काम तोडगेसाहेब एका रविवारी सकाळी दोन चहांच्या मध्ये उरकणार होते. तोडगे हे त्यांचं आडनाव नव्हे. जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडे तोडगा तयार असतो, म्हणून इमारतीतल्या मंडळींनी हे नाव त्यांना बहाल केलं होतं. ते कौतुकानं दिलेलं आहे अशी त्यांची समजूत होती आणि ती कोणी मोडली नव्हती. तेवढी माणसं चांगली होती.

त्या वर्षी थंडी अशी पडली होती की नळाखाली हात धरवत नव्हता. वर्तमानपत्रात एक चौकोन छापून आला, 'घरातल्या वृद्धांना जपा' म्हणून. त्यात सल्ले होते. खोली गरम ठेवा, खिडक्यादारांच्या फटी बुजवा, रोज विचारपूस करा. यातला मधला सल्ला तोडगेसाहेबांच्या मनात भरला. विचारपूस करायला हातोडी लागत नाही, म्हणून त्या कामात त्यांना गोडी वाटली नाही.

मावशी त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहायची. ऐंशी ओलांडलेली, हाडं मोजून घ्यावीत अशी, पण जीभ शाबूत. काका जाऊन बराच काळ लोटला होता. काकांना जन्मभर कोरडा खोकला होता. दोन आखूड आणि एक लांब, असा. काका जिन्याच्या पहिल्या पायरीवर असायचे तेव्हाच खोकला वर पोचायचा आणि मावशी चहाचं आधण ठेवायची. आता चहा एकाच कपाचा होत होता, एवढाच फरक. बाकी खोली तशीच होती.

खिडकी मात्र वाईट जागी होती. खाली हातभर रुंदीची गल्ली आणि गल्लीपलीकडे ती जुनी इमारत. धोकादायक म्हणून ती रिकामी करून घेतली होती. दारांना कुलपं, काचा फुटलेल्या, एका खिडकीत कोणाचा तरी विसरलेला पडदा. सगळ्यांत शेवटी तळमजल्यावरचा म्हातारा बाइंडर गेला, मुलीकडे. वह्या-पुस्तकं बांधण्यात त्याचा जन्म गेला होता. तो गेल्यावर तिकडे दिवा लागला नाही. संध्याकाळी गल्लीत धुकं भरायचं आणि मावशीच्या इमारतीतले सगळे लोक आपापल्या कामानिमित्त दुसऱ्या बाजूच्या खोल्यांत जायचे. घाबरतं कोण? कामं असतात माणसाला.

आणि मावशी ऐन थंडीत ती खिडकी चार बोटं उघडी ठेवायची.

तोडगेसाहेबांनी पहिल्या रविवारी खिडकीच्या कडेला जाड लोकरी नमद्याच्या पट्ट्या चिकटवल्या, खिटी घट्ट लावली, हात झटकले आणि दुसरा चहा घेतला. सोमवारी सकाळी जाऊन बघतात तर खिडकी चार बोटं उघडी.

"मावशी, ही कोणी उघडली?"

"मला काय माहीत. माझ्या हातानं बाटलीचं झाकण फिरत नाही, मी खिटी कुठून फिरवू?"

हे खरं होतं. तिच्या औषधाच्या बाटल्या तोडगेसाहेबच रोज उघडून द्यायचे.

त्यांनी सुताराला आणलं. सुतारानं नवी खिटी बसवली, खाली लाकडाची फळी ठोकली आणि म्हणाला, "आता हत्ती आला तरी हलणार नाही." हत्ती आला नाही. सकाळी फळी खाली पडलेली, खिडकी चार बोटं उघडी आणि मावशी शाल पांघरून शांतपणे स्वेटर विणत बसलेली.

मग बातमी जिन्यानं खाली उतरली आणि सल्ले जिन्यानं वर चढायला लागले. तळमजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर म्हणाले, फटीत कापूस भरा, जखमेत भरतात तसा. कापूस हा त्यांचा सर्व रोगांवरचा इलाज होता. सेक्रेटरी म्हणाले, इमारतीच्या दर्शनी भागात बदल करायचा तर कमिटीची परवानगी लागेल. ती बाजू दर्शनी नाही, तिकडे कोणी बघतच नाही, असं तोडगेसाहेबांनी सांगितल्यावर सेक्रेटरी आवाज खाली आणून म्हणाले, "तेच तर. त्या बाजूची खिडकी बंद राहत नाही, असं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"म्हणतात."

बोलणारा हा 'म्हणतात' नावाचा गृहस्थ प्रत्येक इमारतीत राहतो आणि कुठल्याच मीटिंगला हजर नसतो. तोडगेसाहेब हसले. पण घरी येऊन त्यांनी स्वतःच्या, बरोबर खालच्या खोलीची खिडकी तपासली आणि तिलाही पट्टी मारून टाकली.

छडा लावायचाच म्हणून ते एका संध्याकाळी मावशीकडे जाऊन बसले. बाहेर धुकं खिडकीला टेकलं होतं. मावशी विणत होती. सुयांचा टिकटिक आवाज तेवढा येत होता. तोडगेसाहेबांना जरा डुलकी लागणार, एवढ्यात पलीकडून खोकला आला. कोरडा. दोन आखूड, एक लांब.

मावशीनं मान वर न करता शेजारचा चमचा उचलला आणि स्टीलच्या भांड्यावर वाजवला. टण, टण. क्षणभर काही नाही. मग त्या रिकाम्या इमारतीतून कोणीतरी लोखंडी नळीवर ठोकलं. ठक, ठक. मावशीनं चमचा खाली ठेवला आणि सुटलेला टाका उचलला.

तोडगेसाहेबांच्या मानेवरचे केस उभे राहिले. ते फारसे उरले नव्हते, पण होते तेवढे राहिले.

"मावशी, तिकडे कोण आहे?"

"असेल कोणीतरी."

"अगं, इमारत रिकामी आहे."

"मग रिकामी असेल. तू ओरडू नकोस, माझे टाके चुकतात."

तोडगेसाहेब घरी आले. पळाले नाहीत. जिना नेहमीपेक्षा लवकर संपला, इतकंच.

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, घाम आलाय तुम्हाला."

"वर गरम होतं."

"म्हणजे बसली वाटतं खिडकी."

या बोलण्यानं त्यांचा अभिमान दुखावला आणि दुखावलेल्या अभिमानाच्या माणसाला कोणी थांबवू नये. मावशीचा प्रश्न आता ऊब-थंडीपुरता राहिला नव्हता. म्हातारी एकटी, डोक्यानं हळवी झालेली, आणि पलीकडचं ते जे काही होतं ते तिला खिडकीशी बोलावून घेत होतं. एक दिवस ही थंडीनं आखडून जाईल, हा विचार त्यांना सोडेना. आई गेल्यावर याच मावशीनं त्यांना वाढवलं होतं.

त्यांनी मोठा हीटर आणला. तो लावताक्षणी सगळ्या इमारतीचे दिवे गेले आणि सेक्रेटरी लिफ्टमध्ये अडकले. अंधारात दोन मजल्यांच्या मधून त्यांचा आवाज येत राहिला, "परवानगी घेतली होती का, परवानगी?" वायरमन येईपर्यंत तोडगेसाहेब जिन्यात बसून लिफ्टच्या जाळीतून त्यांना धीर देत होते. सेक्रेटरींना धीर नको होता, खुलासा हवा होता. शेवटी हीटर लहान आला आणि चालला. मग दुहेरी काच आली. सुतारानं ती चौकटीवर स्क्रूनं आवळली, कडेनं पुट्टी भरली, आणि तोडगेसाहेबांनी वर आपला खास तोडगा काढला. जे कोणी रात्रीबेरात्री उघडतंय त्याच्या बापालाही उघडता येऊ नये म्हणून त्यांनी कानस घेऊन स्क्रूंची डोकी घासून गुळगुळीत केली. पेचकस लावायला खाच शिल्लक ठेवली नाही.

खिडकी बसली. कायमची.

खोली इतकी छान तापली की कंपाउंडर दिवसातून दोनदा मावशीची नाडी बघायला येऊ लागले आणि नाडी सापडल्यावरही उठेनात. पण मावशी विणेना. दुपारी तिनं जेवणाचं ताट तसंच परत केलं. खुर्ची काचेपाशी ओढून ती नुसती बसून होती. संध्याकाळी चमचा तिच्या हातात होता, भांडं मांडीवर, आणि खोलीत हीटरच्या गुणगुणण्याशिवाय आवाज नव्हता. "गरम वाटतंय ना?" असं तोडगेसाहेबांनी विचारलं तर ती म्हणाली, "बहिरं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्यांना बोलावून घेतलं. तिचा चेहरा उतरला होता.

"खिडकी उघड."

"मावशी, बाहेर—"

"मीच उघडत होते. उलथन्यानं. फटीत उलथनं घालून दाबलं की खिटी वर येते, त्याला हाताची ताकद लागत नाही. या तुझ्या नव्या काचेला उलथनं चालत नाही, कालपासून तीन वाकवली."

तोडगेसाहेब खाली बसले. भूत निघालं नाही याचा आनंद मानावा की उलथन्यापुढे आपण हरलो याचं दुःख, हे त्यांना ठरवता येईना.

"अरे, तो बाइंडर आहे पलीकडे. मुलीकडे करमलं नसेल, आला असेल परत मागच्या दारानं. सकाळ-संध्याकाळ खोकला येतो, मी भांडं वाजवते, तो नळी ठोकतो. म्हणजे मी आहे, तो आहे. काल दोन्ही वेळा काही कळलं नाही. तो वाजवत बसला असेल आणि इकडून उत्तर नाही. उघड बाबा."

"तू बघितलंस त्याला?"

"नाही. उघड."

स्क्रूंना डोकी नव्हती. तोडगेसाहेबांनी पेचकस लावून बघितला, पकड लावून बघितली, स्वतःच्या हुशारीला मनातल्या मनात चार शब्द ऐकवले आणि शेवटी हातोडीनं काच फोडली. दोन्ही. गार हवा भस्सकन आत आली आणि तिच्याबरोबर खोकला. आज तो थांबतच नव्हता. दोन आखूड, एक लांब, पुन्हा दोन आखूड, एक लांब, कोणी दारावर धडका माराव्यात तसा.

मावशीनं भांडं वाजवलं. खोकला एकदम थांबला. दोघं ऐकत राहिले.

"खोकतोय म्हणजे आहे की," तोडगेसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"नळी वाजत नाही," मावशी म्हणाली. "नळी वाजायला हवी होती. तू जा."

तोडगेसाहेब आधी कायदेशीर माणसासारखे वॉर्ड ऑफिसात गेले. तिथल्या कारकुनानं नोंद बघून सांगितलं की इमारत रिकामी आहे.

"पण आत माणूस आहे."

"रिकाम्या इमारतीत माणूस कसा असेल?"

"म्हणूनच चावी द्या, बघून येतो."

"चावी बघायला द्यायची तर आत कोणीतरी असावं लागतं, साहेब. रिकाम्या इमारतीत काय बघणार?"

अग्निशामक दलाला फोन केला. "आग आहे का?" तिकडून विचारणा झाली. नाही, थंडी आहे, असं तोडगेसाहेब खरं बोलून गेले. थंडीची गाडी आमच्याकडे नाही, असं उत्तर आलं. तेव्हा ते सुताराला घेऊन गल्लीतून मागच्या बाजूला गेले. मागच्या दाराचं कुलूप नुसतंच अडकवलेलं होतं.

दुपार असूनही आत उजेड नव्हता. जिन्यात ओल्या चुन्याचा वास. पहिल्या खोलीत भिंतीवर जुनं कॅलेंडर, कोपऱ्यात शाळेचे बूट जोडीनं ठेवलेले, जणू मूल आत्ता येईल. तळमजल्यावरची बाइंडरची खोली रिकामी होती. छत तिथे खाली आलं होतं. तोडगेसाहेबांनी "कोणी आहे का?" असं विचारलं. ते इतक्या हळू विचारलं की कोणी असतं तरी त्याला त्रास झाला नसता.

वरून खोकला आला.

"साहेब, तुम्ही व्हा पुढे," सुतार म्हणाला. "मी इथून लक्ष ठेवतो."

"कशावर?"

"तुमच्यावरच."

ते चढले. एका मजल्यावर थांबून कानोसा घेतला की खोकला पुढच्या मजल्यावरून यायचा. ते तिथे पोचले की आणखी वरून. वाट दाखवावी तसा. परत फिरावंसं वाटत होतं, हे त्यांनी नंतर कोणालाही सांगितलं नाही. पण वरच्या खिडकीत भांडं घेऊन बसलेली मावशी डोळ्यांपुढे होती. खालून सुताराचा पातळ आवाज आला, "साहेब, लवकर या. खोकला आता माझ्या मागून येतोय."

वरच्या मजल्यावर, मावशीच्या खिडकीसमोरच्या खोलीत, पुठ्ठ्यांचा ढीग होता. बांधणीचे पुठ्ठे, कापडाच्या पट्ट्या, जुन्या गोधड्या. ढिगातून एक हात बाहेर आलेला होता आणि हातात लोखंडी पट्टी होती. बाजूला पाण्याची नळी. ठोकायला आता जोर उरला नव्हता.

तोडगेसाहेब गुडघ्यांवर बसले. हात बर्फ झाला होता, पण बोटं हलली. बाइंडरनं डोळे उघडले.

"खिडकी का बंद केलीत?" त्यानं विचारलं.

याच्यावर तोडगेसाहेबांकडे तोडगा नव्हता. त्यांनी अंगातला कोट काढला, स्वेटर काढला, मफलर काढला, म्हाताऱ्याला त्यात गुंडाळलं आणि सुताराला हाका मारून रुग्णवाहिकेसाठी पिटाळलं. ती येईपर्यंत नुसत्या शर्टावर कुडकुडत ते त्याचे हात चोळत बसले. गल्लीपलीकडे फुटक्या काचेत मावशी दिसत होती. तोडगेसाहेबांनी त्याच्या हातातली पट्टी घेऊन नळीवर दोनदा ठोकली. तिकडून भांडं वाजलं आणि मग बराच वेळ वाजतच राहिलं.

बाइंडर वाचला. आदल्या सकाळी पाणी आणायला उठला आणि पाय घसरून पडला होता, कंबर दुखावली होती. मुलीचं घर चांगलं होतं, पण तिथे दिवसभर कोणी नसायचं, म्हणून परत आला होता. चार दिवसांनी तोडगेसाहेब दवाखान्यात गेले तेव्हा तो उशीला टेकून चहा पीत होता.

"डॉक्टर म्हणतात छाती अगदी स्वच्छ आहे," तोडगेसाहेब म्हणाले. "त्या खोकल्याचं नवलच. गेला कुठे?"

"कुणाचा खोकला?"

"तुमचा."

बाइंडरनं कप खाली ठेवला. "मला कसला खोकला? खोकला तुमच्या बाजूनं यायचा. तो आला की मावशी भांडं वाजवायच्या, मग मी नळी ठोकायचो. मला वाटायचं तुम्हीच. पडलो होतो तेव्हा तो सारखा चालू होता, अगदी माझ्या उशाशी असल्यासारखा. झोपूच देईना. झोपलो असतो तर संपलोच होतो."

तोडगेसाहेब घरी न जाता सरळ वर गेले. मावशी ओट्याशी उभी होती. त्यांनी सांगितलं ते तिनं ऐकून घेतलं आणि आधण ठेवलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "एवढा संसार केला त्या खोकल्याबरोबर. मला ओळखू येणार नाही?"

"मग बाइंडर खोकतो असं का म्हणालीस?"

"तसं म्हणाले कुठे? खोकला येतो म्हणाले. नळी ठोकणारा हाडामांसाचा आहे, हे कळत होतं मला. आणि दुसरं काही सांगितलं असतं, तर तू काच फोडली असतीस की डॉक्टर आणला असतास?"

तोडगेसाहेबांनी विचार केला. डॉक्टर आणला असता. मावशीनं चहा गाळला. तिनं तो दोन कपांत गाळला, आणि दुसरा कप त्यांना दिला तेव्हा ते मनातून थोडे सुटल्यासारखे झाले.

पुढे सेक्रेटरींनी रीतसर परवानगी देऊन तळमजल्यावरची मीटिंगची खोली बाइंडरला राहायला दिली. मोठा हीटर तिथे वायरमनच्या देखरेखीखाली लागला. कंपाउंडर आता तिथे बसतात. मावशीच्या खिडकीला सुतारानं नवी काच बसवली आणि तोडगेसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे खाली चार बोटं फट ठेवली. हे काम आपल्या नावावर सांगू नका, अशी त्यानं हात जोडून विनंती केली. मावशीसाठी लोकरी मोजे आले, गरम पाण्याची पिशवी आली, आणि तोडगेसाहेब रोज दोनदा हातोडी न घेता वर जायला लागले.

हिवाळा उतरणीला लागला तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी तोडगेसाहेब आपल्या खोलीत पेपर घेऊन बसले होते. बाहेर धुकं होतं. मध्यंतरी त्यांनी स्वतःच्या खिडकीची पट्टीही गुपचूप काढून टाकली होती. गल्लीतून खोकला आला. वर मावशीचं भांडं वाजलं. टण, टण. खाली मीटिंगच्या खोलीत बाइंडरनं नळी ठोकली. ठक, ठक. सगळं रोजच्यासारखं झालं आणि तोडगेसाहेबांनी पान उलटलं.

तर खोकला पुन्हा आला. या वेळी त्यांच्या खिडकीच्या अगदी बाहेर. दोन आखूड, एक लांब. मग कोणी वाट पाहावी तशी शांतता.

तोडगेसाहेबांनी पेपर थोडा वर धरला. त्यांना निवृत्त होऊन तशी काही फार वर्षं झाली नव्हती. कोणी विचारपूस करावी एवढे म्हातारे ते अजून झाले नव्हते.

बायकोनं स्वयंपाकघरातून चमचा आणि एक रिकामं भांडं आणून त्यांच्यासमोर ठेवलं.

"अहो, तुम्हालाच विचारतायत," ती म्हणाली. "वाजवा."

त्यांनी वाजवलं.